होयाचा खटला

२२ जानेवारी, मंगळवार

रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, इशिनोमाकीला ऑफिसात पोचायला उशीर झाला. आठवड्याचे नमुने मोजले. होया म्हणजे दोरावर वाढणारा तो गाठाळ समुद्री जीव, शिंपले, आणि कॉड मासा. किरणोत्सार आढळला नाही, असे तिन्हींवर शिक्के मारले.

दुपारी आमच्या बंदरावर मच्छीमार सोसायटीची बैठक. कोरियाविरुद्धच्या खटल्याचं कुठवर आलं ते सांगायला तोक्योहून मंत्रालयाच्या वकील कुरोसेबाई आल्या होत्या. प्रांताच्या मत्स्य खात्याचा माणूस म्हणून मी त्यांच्या शेजारी बसलो. सासरे पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून.

अध्यक्ष ओइकावांनी विचारलं, "बाई, मागच्या वर्षी आपण जिंकलो होतो ना?"

"जिंकलो होतो. पण ते खालच्या मंडळापुढे."

"मग कोरियावाले माल का घेत नाहीत?"

"ते अपिलात गेलेत. अपिलाचा निकाल लागेपर्यंत खालचा निकाल लागू होत नाही."

बाई बोलतात चांगलं. म्हणाल्या, आपल्या लोकांच्या जिवाला जपायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, त्यासाठी बाहेरचा माल बंदही करता येतो. फक्त त्याला शास्त्राचा आधार हवा आणि सारख्याला सारखं वागवायला हवं. आमचा मासा दुसऱ्या कुणाच्या माशाइतकाच स्वच्छ असेल, तर त्याला आत घेऊन आम्हाला दारात उभं ठेवता येत नाही. जिनिव्हातल्या व्यापार संघटनेत सगळ्या देशांनी मिळून हे कबूल केलंय, कोरियानेही.

सासऱ्यांनी हात वर केला. "ते जज होया खाऊन बघतात का?"

सगळे हसले. बाईसुद्धा. "नाही आजोबा, ते कागद बघतात."

"मग त्यांना कळणार कसं?"

"होया चांगला की वाईट, ते त्यांनी ठरवायचंच नाहीये. कोरियाने नियम पाळला का, एवढंच."

"अन् जज आहेत तरी किती?"

"खुर्च्या सात आहेत. सध्या तिघंच उरलेत. एक देश नव्या नेमणुका होऊ देत नाही. या डिसेंबरात आणखी दोघांची मुदत संपेल. मग अपील ऐकायला माणसंच नसतील."

"शेवटची गाडी मिळाली म्हणायची आपल्याला," मागून कोणीतरी म्हणालं.

घरी येताना गाडीत सासरे म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पण बूट बघितलेस तिचे? असल्या बर्फात असले बूट."  एरवी आम्ही फारसं बोलत नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

आज दारात भाजलेले सोयाबीन फेकायचा दिवस. सासऱ्यांनी मूठ मूठ फेकले. "भुतं बाहेर! लक्ष्मी आत!" आवाज अजून खणखणीत आहे. सुनामीनंतर सरकारने टेकडीवर बांधून दिलेल्या या घरांना भिंती एकमेकांना लागून आहेत, शेजारची मुलं हसताना ऐकू आली. वयाइतके दाणे खायचे असतात. सासऱ्यांनी थोडे खाल्ले आणि म्हणाले, दात पुरत नाहीत.

दुपारी त्यांनी खिडकीतून खाडीकडे बोट दाखवलं. "यंदा तयार होतील."

त्यांचे होयाचे दोर. शिंपल्यांच्या कवचांवर पिल्लं धरवून तीन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी ते पाण्यात सोडले, खटला नुकताच उभा राहिला होता तेव्हा. होया मुठीएवढा भरायला तीन-चार वर्षं लागतात. सोसायटीने सांगितलं होतं, निम्मे सोडा, घेणारं कोणी नाही. आमचे दहातले सात होया कोरियात जायचे. अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर दोन वर्षांनी त्यांनी आमच्यासकट आठ प्रांतांची मासळी बंद केली, आणि मग तयार झालेला होया भट्टीत जाळावा लागला. सासऱ्यांनी तरी पहिल्याइतकेच दोर सोडले. का, ते मी विचारलं नाही.

खटल्यासाठी मीही एकदा जिनिव्हाला जाऊन आलोय, मोजणीबद्दल काही विचारलं तर सांगायला. तळ्याकाठची जुनी इमारत, जाड गालिचे, पावलांचा आवाज येत नाही. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून होतो. समोरच्या बाकावर कोरियाचा माणूस, तोही मोजणीवालाच. दोघांच्या मांडीवर सारख्याच फायली. त्याने मला च्युइंगगम दिलं. आत कोणी बोलावलं नाही, ना त्याला ना मला.

१० मार्च, रविवार

प्यो-सान आले. दर वर्षी या दिवसांत येतात. कोरियाच्या दक्षिण टोकाला तोंगयोंग गावात त्यांची मासळीची पेढी आहे. सासऱ्यांचा माल ते आम्ही दोघं लग्न करून इथे आलो त्याच्याही आधीपासून घ्यायचे. त्यांचं जपानी मोडकंतोडकं, पण त्यांना कुठे अडत नाही.

दारातच सासरे म्हणाले, "काय रे टकल्या, अजून जिवंत?"

"तुला पोचवल्याशिवाय कसा जाऊ?"

त्यांनी मिरचीपूड, शेवाळाचे पापड आणि एक बाटली आणली. आधी देव्हाऱ्यातल्या फोटोपुढे उदबत्ती लावली. बराच वेळ बसले. त्यांना गुडघ्यांवर बसायला जमत नाही आता, उठताना मी हात दिला. त्यांचा हात गरम होता. बाहेर थंडी होती म्हणून तसं वाटलं असेल.

११ मार्च, सोमवार

दुपारी भोंगा वाजला, सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. पोलिसांनी किनारा आज पुन्हा विंचरला. काही मिळालं नाही. सुनामीला आठ वर्षं झाली. मी ऑफिसातून दिवसभर सुट्टी घेतली होती.

त्याआधी सकाळी सासरे प्यो-सानना बोटीने दोर दाखवायला घेऊन गेले. मीही गेलो. सासऱ्यांनी यंत्रावर एक दोर वर ओढला. नारिंगी गाठाळ गोळ्यांनी दोर माणसाएवढा जाड झालेला, पाणी गळतंय. प्यो-सान नुसते बघत राहिले.

सासरे म्हणाले, "निकाल लागला की पहिली खेप तुझी. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

प्यो-सान दोराकडून मान फिरवून किनाऱ्याकडे बघायला लागले.

"काय झालं?"

"तोकुजी, निकाल तुमच्या बाजूने लागला ना, तरी मी नाही घेऊ शकणार."

"का?"

"खपणार नाही. पेटीवर तुमच्या प्रांताचं नाव लिहावं लागेल, मियागी. ते वाचलं की बायका पेटी खाली ठेवतील. माझी सूनच घ्यायची नाही. पोटुशी आहे ती. मी म्हटलं, अगं, मी तीस वर्षं खातोय. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला काही झालं तर तुमचं झालं, माझं लेकरू कशाला मध्ये?"

"याने मोजलंय." सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दर आठवड्याला मोजतो. सांग ना रे."

मी म्हटलं, "काही आढळत नाही."

प्यो-सान म्हणाले, "मला माहीत आहे. मला समजवू नका. तिला समजवा. कोर्ट तिला जबरदस्तीने भरवणार आहे का?"

मग सासरे ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "आमचं पाणी घाण आहे म्हणतोस? माझ्या तोंडावर? त्या पाण्यात माझी पोर आहे!"

इंजिन चालू होतं. मी त्याचा आवाज ऐकत होतो, एका नळीतून जरा वेगळा येत होता. मला काही वाटलं नाही. नंतर लक्षात आलं की मी कठड्याचा दोर धरलाय आणि बोटं उघडत नाहीयेत.

प्यो-सानांनी दोरावरून एक होया तोडला, खिशातल्या चाकूने चिरला, समुद्राच्या पाण्यात खळबळला आणि खाल्ला. मग दुसरा. तोंडातून पाणी ओघळत होतं. "मी खातो," ते म्हणाले. "मी म्हातारा. माझ्या खाण्याने काय होतंय?"

संध्याकाळी ते मुक्काम न करता गेले. मीच त्यांना स्टेशनवर सोडलं. गाडीत म्हणाले, "त्याच्याकडे लक्ष ठेव." मी म्हटलं, तब्येत चांगली आहे त्यांची, रक्तदाबसुद्धा माझ्यापेक्षा बरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दाढी करत होतो तेव्हा कुरोसेबाईंचा फोन.

"हरलो," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, पुढची बैठक कधी ठेवायची.  त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हटलं?" ऐकलं होतं. बैठक ठेवावीच लागणार होती. सोमवार ठरला. मग उरलेल्या अर्ध्या गालाची दाढी केली.

सासरे स्वयंपाकघरात मुळ्याचं लोणचं कापत होते. रेडिओ चालू होता, त्यांनी ऐकलंच होतं. "सार गरम आहे," म्हणाले. आम्ही जेवलो.

१५ एप्रिल, सोमवार

कुरोसेबाईंना तोक्योत मंत्र्यांनी थांबवून घेतलं, म्हणून सोसायटीत मलाच उभं राहावं लागलं. त्यांनी पाठवलेलं टिपण मी दोनदा वाचलं होतं.

मी सांगितलं: खालच्या मंडळाने फक्त आपल्या मासळीत किती किरणोत्सार मापला गेला, ते बघितलं. अपील मंडळ म्हणतं, तेवढं पुरेसं नव्हतं. कोरियाची अट नुसत्या आकड्याची नाही, जितकं कमी ठेवता येईल तितकं कमी, अशीही आहे. शिवाय मासळी जिथून येते तिथली परिस्थिती काय, पुढे काय होऊ शकतं, हेही बघायला हवं होतं. खालच्या मंडळाने ते नीट बघितलं नाही, म्हणून त्यांचा निकाल रद्द.

ओइकावा म्हणाले, "म्हणजे आपला माल वाईट, असं म्हणाले?"

"नाही. तसं कुठेही म्हटलेलं नाही."

"मग चांगला?"

"तेही म्हटलेलं नाही."

"मग म्हटलं तरी काय?"

"प्रश्न चुकीचा विचारला, असं म्हटलं."

"ठीक आहे. मग आता बरोबर विचारा म्हणावं."

"तसं होत नाही. अपील मंडळाला खटला खाली परत पाठवायचा अधिकार नाही."

"मग ते स्वतः विचारणार?"

"नाही. तेही नाही."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, पण ते हसणं नव्हतं. मागून एक जण म्हणाला, "इतकी वर्षं जाळलेला होया निदान भाजून खाल्ला असता तर बरं झालं असतं." कोणी माझ्यावर चिडलं नाही. चिडले असते तर उभं राहायला सोपं गेलं असतं, का कोण जाणे.

सासऱ्यांनी हात वर केला. "त्यांच्या वर कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा."

"अच्छा," म्हणाले आणि टोपी घातली.

२३ एप्रिल, मंगळवार

नमुने. आढळला नाही, सगळीकडे.

सासऱ्यांनी सोसायटीच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. तरुणांना जागा द्यायला हवी म्हणाले, ते बरोबरच आहे. संध्याकाळी केस कापून आले. मागे ओइकावांकडून आणलेली करवत धुऊन, तेल लावून परत देऊन आले. नीटनेटका माणूस आहे. मी इतकी वर्षं बघतोय, उधार आणलेली वस्तू ते कधी विसरत नाहीत.

जेवताना विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

"बरी आहे."

"यामागाताला ना? डोंगरात."

"हो."

"तिच्याजवळ जाऊन राहा. इथे काय आहे तुझं?"

मी म्हटलं, इथे नोकरी आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्या वाटीत मासा वाढला, स्वतःच्या ताटातला.

६ मे, सोमवार

नवे सम्राट गादीवर बसले म्हणून देशभर दहा दिवस सुट्टी होती, आज संपली. टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. सासरे घर आवरत होते. माळा रिकामा केला, जुनी जाळी शेजाऱ्याला देऊन टाकली. देव्हारा पुसला, पितळेची घंटी कसल्याशा आंबट पाण्याने लख्ख केली. मला हाक मारून पाण्याची टाकी कुठे बंद होते, हीटरचा माणूस कोण, वर्षश्राद्धाला कुठल्या भिक्षूला बोलवायचं, सगळं दाखवलं. मला त्यातलं बरंच माहीत होतं, पण ऐकून घेतलं. वसंतात इकडे सगळेच साफसफाई करतात.

त्यांचं बरं चाललंय असं वाटतं. निकालाने खचतील अशी मला धास्ती होती, तसं काही झालं नाही. प्यो-सानांचा दोनदा फोन आला. सासरे घेत नाहीत. मीच घेऊन सांगितलं, ठणठणीत आहेत, दिवसभर काम करतात. प्यो-सान म्हणाले, "कसलं काम?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फोन कट झाला असं मला वाटलं.

१६ मे, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

ऑफिसच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेलंय, आणि या आठवड्याचा होयाचा नमुना घ्यायचा राहिला होता. सकाळी धक्क्यावर गेलो तर सासरे त्यांची बोट सोडत होते. मी म्हटलं, बाबा, मी येतो, नमुना घ्यायचाय.

"आज नको."

"आठवडा संपतोय."

"आता कशाला नमुना? निकाल लागला ना."

"निकालाने नमुने थांबत नाहीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी डबा आणि बर्फाची पेटी घेऊन बोटीत उतरलो. त्यांनी पुन्हा नको म्हटलं नाही. वारा नव्हता. 

दोरांपाशी त्यांनी इंजिन बंद केलं. यंत्र चालू केलं नाही. मोठी सुरी घेतली आणि कडेला वाकून एका दोराची वरची गाठ कापली. सबंध दोर, तीन वर्षांच्या होयासकट, खाली गेला. बुडबुडे आले. मग दुसरा. मी म्हटलं, बाबा, असं समुद्रात टाकायला परवानगी लागते. मी खरंच हेच म्हटलं. त्यांनी तिसरा कापला.

"तळाशी पडेल सगळं," ते म्हणाले. "तिच्या अंगणात. कोणी मोजायला यायचं नाही."

मग सुरी ठेवली आणि बसून बूट काढायला लागले. रबरी बूट, ओले, निघत नव्हते. एक काढून जोडीने ठेवायला म्हणून कडेला सरळ लावला. दुसरा काढला, त्याच्या शेजारी ठेवला. जीवरक्षक जाकीट त्यांच्या अंगावर नव्हतं. मी निघतानाही बघितलं होतं ते, पण ऊन आहे, उकडत असेल, असं धरून चाललो होतो.

ते दोन बूट बघितले आणि करवत, केस, घंटी, यामागाता, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.  मी बसलोच खाली, बर्फाच्या पेटीवर. काहीतरी बोलायला हवं होतं. नका, असं म्हणायला हवं होतं. तिचं नाव घ्यायला हवं होतं. तोंडातून आलं ते असं:

"बाबा, मला बोट चालवता येत नाही."

ते थांबले.

"मला परत नेता येणार नाही," मी म्हटलं. "मी डोंगरातला माणूस."

"काय?"

"मला येत नाही."

"इतकी वर्षं समुद्रावर राहून? मासळीच्या खात्यात नोकरी करून?"

"ऑफिसात चालवणारा असतो."

"लेका, साधी बोट येत नाही तुला?"

"तुम्ही शिकवली नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

"नाही."

"मग?"

 माझे दात वाजत होते, ऊन असून. त्यांनी ते बघितलं. बराच वेळ बघितलं, एखाद्या नव्या माणसाकडे बघावं तसं. बोट आपोआप फिरत होती, उरलेले दोर कडेला घासत होते.

मग ते म्हणाले, "उठ. तिथे बसून काय होणार आहे?"

मी उठू शकलो नाही. ते अनवाणी आले, काखेत हात घालून मला उभं केलं आणि सुकाणूजवळ नेलं. किल्ली इकडे. हा वेग. हा मागे. पुढे त्या खडकाकडे नाक धर, खडकावर नको, त्याच्या डावीकडे. डावीकडे, शिंगो! डावीकडे म्हणजे जेवणाच्या हाताची उलटी बाजू! मी दोनदा चुकलो. शेजाऱ्यांच्या शिंपल्यांच्या ओळीत घुसता घुसता वाचलो, तेव्हा त्यांनी मला सणसणीत शिवी दिली.

धक्क्याला लावताना मी बोट जोरात आपटली. पुढचा कठडा चेपला. ते म्हणाले, "हरामखोरा, इतकी वर्षं एक ओरखडा नव्हता तिच्यावर." मग बूट घातले.

नमुना घ्यायचा राहिला. ऑफिसात पेटी रिकामीच नेली. या आठवड्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना, कोरा ठेवला.

दुपारी ओइकावांना सगळं सांगितलं. सासऱ्यांना एकटं बोटीवर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं. गावच्या नर्सबाई संध्याकाळी घरी आल्या, सासऱ्यांशी आत बसून बोलल्या. मी बाहेर पायरीवर होतो. नंतर प्यो-सानना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, मग फोनवरच सासऱ्यांना त्यांच्या भाषेत इतक्या शिव्या घातल्या की सासऱ्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. पण ठेवला नाही.

२२ मे, बुधवार

सकाळी ऑफिसच्या आधी बोट. मी चालवतो, ते ओरडतात. ओइकावांचा पुतण्या रोज उगाचच आमच्याबरोबर येतो आणि उगाचच आलोय असं दाखवतो. सासऱ्यांना ते कळतं.

नर्सबाईंनी मलाही विचारलं, झोप लागते का. मी म्हटलं, लागते. मग म्हटलं, नाही लागत. कधीपासून, ते सांगता आलं नाही.

८ जून, शनिवार

कुरोसेबाई आल्या. सरकारी कामाने नव्हे, रजा काढून, स्वतःच्या पैशाने. या वेळी बूट चांगले होते. दारातच वाकल्या ते वर येईनात. "माफ करा," म्हणाल्या. "आम्हाला जिंकता आलं नाही."

सासरे म्हणाले, "आत ये आधी. पाठ धरेल."

त्यांनी सांगितलं, मंडळात आता तिघं आहेत, डिसेंबरनंतर एकच उरेल आणि मग खटला लढवायचा तरी कुणापुढे. त्या हे मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं सांगत होत्या. सासरे ऐकत होते की नाही माहीत नाही. ते ओट्याजवळ जाऊन होया चिरत होते, सकाळी मीच दोरावरून काढून आणलेला. दोन काप करून आतला नारिंगी गर काढला, थाळीत लावला, पुढे ठेवला.

बाई थाळीकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" सासरे म्हणाले. "तुला भीती वाटते की काय?"

"नाही, तसं नाही." त्यांचे कान लाल झाले. "मी कधी खाल्लेला नाही."

"म्हणजे?"

"होया. मी कधीच खाल्लेला नाही. खटल्याच्या आधीही नाही, नंतरही नाही. मी समुद्रापासून लांब वाढले. वास... मला जमेल असं वाटलं नाही."

सासरे माझ्याकडे वळले. "ऐकलंस? चार वर्षं जगभर भांडली आमच्या होयासाठी, अन् चाखला नाही!" आणि ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, हातातलं फडकं तोंडाला लावून. मी त्यांना या घरात हसताना पाहिलं नव्हतं. बाईही हसायला लागल्या, डोळे पुसत. मग त्यांनी एक तुकडा उचलला, डोळे मिटले आणि खाल्ला. चेहरा असा झाला की सासरे पुन्हा हसले.

"खारट," त्या म्हणाल्या. "कडू. अं... आंबट? मला सांगता येत नाही."

"आता पाणी पी."

मी नळाचं पाणी दिलं. त्या एक घोट प्यायल्या आणि थांबल्या. पेला नाकापाशी नेऊन वास घेतला. पुन्हा प्यायल्या.

"यात काय घातलंय? गोड लागतंय."

"काही नाही घातलं. होयानंतर पाणी गोडच लागतं. सगळ्यांना."

त्या अजून पीत होत्या. सासरे समोर बसले, टोपी काढली, टेबलावर ठेवली. मी थाळ्या घेऊन ओट्याशी गेलो आणि घासायला लागलो.

"माझी मुलगी लहानपणी होयाला हात लावायची नाही," मागून त्यांचा आवाज आला. "नुसत्या पाण्यासाठी एक तुकडा गिळायची. नाक दाबून. मग पेल्यावर पेले. तिची आई ओरडायची, अंथरूण ओलं करशील. नात्सुए नाव तिचं."

मी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.